हे नंतर काढायचं

मित्रांनो, मला हातात धरता येत नाही. माझ्यावर धूळ बसत नाही, मला गंज चढत नाही, भंगारवाला मला उचलून नेऊ शकत नाही. तरीही मी म्हातारा झालो आहे. मी एक जुना प्रोग्राम आहे. मोहाडीला तहसील कचेरीमागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर एक लहानसं ऑफिस आहे. तिथल्या खिडकीजवळच्या संगणकात माझा मुक्काम असतो. माणसं सत्तरीला आली की पोरंसोरं त्यांना म्हणतात, 'आता तुम्ही बसा.' आमच्यात मात्र हे फार लवकर ऐकावं लागतं. माझे हातपाय धड होते, तेव्हापासूनच मी ऐकत आलो आहे.

प्रोग्रामला कसलं आलंय आयुष्य, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे. पण मला ज्यांनी घडवलं आणि ज्यांनी सांभाळलं, त्या माणसांबद्दल मला चार शब्द बोलायचेच आहेत.

आंधळगावच्या पुढे एक लहान गाव आहे. गावाला मोठा तलाव आहे आणि तलावाच्या पाण्यावर साऱ्या गावाचं धान उभं राहतं. हे पाणी पाळीपाळीने मिळतं. ज्याची पाळी असेल, त्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पाणकर नत्थू पाटाचं पाणी सोडतो. पण तिथे एक जुना रिवाज आहे. मालक स्वतः बांधीवर उभा असेल तरच पाणी सोडायचं. मालक नसला, तर पाणी पुढच्याकडे जातं आणि त्याची पाळी बुडते. रिवाज वरून कठोर दिसतो, पण त्याला कारण आहे. राखायला कोणी नसलं की पाणी धुरा म्हणजे बांध फोडून शेजाऱ्याच्या बांधीत घुसतं, आणि मग त्या भांडणाला अंत राहत नाही.

पूर्वी नत्थू सांजेला घरोघर निरोप देत फिरायचा. पुढे गाव वाढलं, कोणी आंधळगावला राहायला गेलं, कोणी मोहाडीला. निरोप चुकायला लागले आणि तलावाच्या काठाला, पारीवर रोज तंटे होऊ लागले. त्या वेळी गावातल्या जीवनला मोहाडीच्या या ऑफिसात नवीनच नोकरी लागली होती. पाणी समितीचे भैयाजी त्याला भर चौकात म्हणाले, "तू कम्प्युटरवाला हायेस ना? मंग आमचं हे दुखणं मिटव."

जीवनने ते मनावर घेतलं आणि माझा जन्म झाला.

मित्रांनो, माझा बाप कसा होता म्हणून सांगू! तो तलावाच्या पारीवर लॅपटॉप घेऊन बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचा. सोमवारी एक नियम कळायचा आणि बुधवारी त्याचा अपवाद. लग्नघर असेल तर पाळी बदलून घेता येते. दोन भावांची बांधी सामायिक असेल तर फोन थोरल्याला, पण थोरला नागपूरला असेल तर धाकट्याच्या बायकोला. जीवन प्रत्येक गोष्ट माझ्यात घालत गेला, जिथे जागा दिसेल तिथे. माझ्या आतल्या भागांना नावं द्यायची, तर घाईत त्याला सुचायची नाहीत. मग त्या दिवशी डब्यात जे असेल ते नाव. माझा एक भाग 'लाखोरी' आहे, म्हणजे लाखेची डाळ, एक 'झुणका' आहे, आणि सगळ्यात नाजूक भागाचं नाव 'कालचाझुणका' आहे. हसू नका. याच झुणक्यावर गावाला पाणी मिळत होतं.

काम माझं सोपं होतं. सांजेला नत्थू मला उद्याची पाळी कळवायचा आणि मी त्या त्या मालकाला फोन लावायचो. फोनवर जीवनचाच आवाज भरलेला होता: "नमस्कार जी. उद्याचं पानी कुंताबाईच्या बांधीले हाय. बांधीवर हजर रायजा. आयकलं असन तं एक दाबा." नाव तेवढं रोज बदलायचं. माणसाने एक दाबला की मी 'कळलं' अशी नोंद करायचो. नाही दाबला, तर 'उत्तर नाही'.

पहिल्यांदा मला चालवून पाहताना जीवनला भीती होती, की आवाज नीट ऐकू जातो की नाही. म्हणून त्याने माझ्यात एक जादा नंबर घातला. प्रत्येक पाळीचा फोन मालकाच्या आधी त्या नंबरवर जायचा. आणि शेजारी त्याने लिहून ठेवलं, 'हे नंतर काढायचं'. प्रोग्राम लिहिणाऱ्यांचं हे 'नंतर' तुम्हाला ठाऊक नसेल. ते आमच्यात कधीच उगवत नाही.

तो नंबर मला मुळीच आवडायचा नाही. तिकडून फोन उचलला जायचा, एक बाई काहीतरी पुटपुटायची आणि फोन ठेवून द्यायची. एक मात्र कधी दाबायची नाही. फोनवरचं मला आपलं दाबलेलं कळतं, बोललेलं कळत नाही. मी रोज मुकाट्याने 'उत्तर नाही' लिहायचो आणि पुढच्या कामाला लागायचो.

तंटे मिटले. चार हंगाम असे गेले की कोणाचीही पाळी बुडाली नाही. भैयाजी जिथेतिथे सांगायचे, की आमच्या गावच्या पोराने केलं. साकोलीकडच्या एका गावचे लोक मला पाहायला आले होते. पाहायला असं काहीच नव्हतं, तरी चहा पिऊन, मान डोलावून गेले. मी फुशारलो नसतो तरच नवल.

मग जीवनला पुण्याला नोकरी लागली.

त्याच्या शेवटच्या आठवड्यात त्याच्या जागेवर हर्षा आली. साकोलीची मुलगी, पहिलीच नोकरी, मोहाडीला मावशीकडे राहायची. ऑफिसचा मालक भुपेंद्र, जीवन आणि हर्षा असे तिघं खिडकीपाशी चहा घ्यायचे, आणि संगणकाचा माइक तर सदा चालूच. त्यांच्या गप्पा मी सगळ्या ऐकल्या आहेत.

हर्षाने माझ्यात डोकावलं आणि तिचा चहा थंड झाला. तिने फार आदबीने विचारलं, की दादा, हे कालचाझुणका म्हणजे काय. जीवन लाजून म्हणाला, की ते बदलायचंच होतं. भुपेंद्र हसून म्हणाला, की एकदा तो स्वतः एका जुन्या कामातला घोळ पाहून तासभर लिहिणाऱ्याला शिव्या घालत होता आणि खाली पाहतो तर नाव त्याचंच. मग तिघंही आपापल्या पापांची उजळणी करत बसले. कॉलेजात हर्षाने एक चूक सापडेना म्हणून तिच्याभोवती दुसरी चूक बांधून दोन्ही चालवल्या होत्या म्हणे. जीवन सांगत होता, की पुण्यात आपल्यालाही कोणाचा तरी असाच पसारा मिळणार आणि लिहिणारा कधीच निघून गेलेला असणार. नव्या नोकरीत जायचं म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात अंधारात मीठ शोधणं आहे, असं तो म्हणाला. ते बोलणं माझ्यावरच चाललं होतं, पण मला राग आला नाही. स्वतःला इतकं मोकळेपणाने हसणारी माणसं मला तरी दुसरीकडे दिसलेली नाहीत.

तर्री-पोह्यांवर जीवनला निरोप दिला गेला. जाताना तो हर्षाला म्हणाला, "काही अडलं तं फोन कर." सगळेच असं म्हणतात, आणि कोणी करत नाही.

त्याच संध्याकाळी भुपेंद्रने हर्षाला साफ सांगितलं. हा प्रोग्राम आता तुझा. याला नीटनेटका कर आणि धान हाती येईपर्यंत चालवून दाखव. चालला तर नोकरी पक्की. गावाची तक्रार आली तर समिती फोन सोडून दवंडी सुरू करेल, हे काम बंद होईल, आणि या एका कामासाठीच तुला घेतलं आहे. हर्षाने मान हलवली. माझं आणि त्या पोरीचं नशीब असं एका दावणीला बांधलं गेलं.

आता तिचं कौतुक ऐका. मला तिने रागाने हात लावला नाही. एकेक भाग ती वाचायची आणि तो काय करतो ते समजलं की त्याला शहाण्यासारखं नाव द्यायची. लाखोरीचं 'सामायिक बांधी' झालं. कालचाझुणकाचं 'उद्याची पाळी' झालं. चार ठिकाणी लिहिलेलं तेच ते तिने एका ठिकाणी आणलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला माझाच आतला रस्ता दिसू लागला. मी हलका झालो, भरभर पळायला लागलो. जिने हे केलं, तिला अजून पहिला पगारही मिळाला नव्हता.

एवढं सगळं करताना तिने जीवनला मात्र एकही फोन केला नाही. नव्या नोकरीत विचारलं तर अडाणी ठरू, ही भीती. बिचारी तासन्‌तास एकटीच डोकं खाजवायची.

असं करता करता ती त्या जादा नंबरापाशी आली. शेजारी लिहिलेलं होतंच. तिने जुन्या नोंदीही पाहिल्या. चार हंगामांत त्या नंबरवरून एकदाही एक दाबला गेला नव्हता. लिहिणाऱ्यानेच काढ म्हणून सांगितलेलं, तिकडून कधी उत्तर नाही, मग ठेवायचं कशाला? तिने तो नंबर काढून टाकला. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं.

त्या वेळी धान निसवायला आलं होतं. लोंबी बाहेर पडते तेव्हा बांधीत पाणी लागतंच. नाही मिळालं तर दाणा भरत नाही, नुसता पोचा राहतो.

काही दिवसांनी भैयाजी जिना चढून वर आले. इतक्या वर्षांत ते ऑफिसात कधी आले नव्हते. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. कुंताबाईची पाळी बुडाली होती. आणखी दोघांची बुडता बुडता वाचली होती. कुंताबाई एकट्या राहणाऱ्या, सारी भिस्त त्या एका बांधीवर. आता पुढची पाळी यायच्या आत धान वाळून जाणार.

हर्षाने नोंद दाखवली, की फोन बरोबर गेला होता, त्यांनी उचलला नाही.

"तिचा फोन डब्यात बंद रायते, बाई. चार्जिंग उरते म्हणते," भैयाजी म्हणाले. "पण आजपर्यंत तिची पाळी बुडाली नाई. जीवन होता तवा नाई बुडाली. आता काहून बुडाली, थे सांग."

ते रागावून बोलले नाहीत. त्यामुळेच हर्षाला ते फार लागलं. समितीचं ठरत आलं आहे, दवंडीवाल्याला सांगावा गेला आहे, हेही त्यांनी सांगितलं.

भुपेंद्र म्हणाला, की जीवनचा जुना प्रोग्राम ठेवलेला आहे, तोच परत टाक आणि मोकळी हो. मी मनात म्हटलं, झालं, संपली आपली नवलाई. पोरीने ऐकलं तर तिची नोकरीही कदाचित वाचेल, असंही वाटलं.

हर्षाने खुर्ची संगणकाजवळ ओढली. मग म्हणाली, "टाकते भाऊ. पण आधी तो काहून चालत होता, थे मले पाह्यचं हाय."

तिने कुंताबाईंच्या जुन्या नोंदी उघडल्या. सगळीकडे 'उत्तर नाही'. म्हणजे माझा फोन त्या बाईपर्यंत कधी पोचलाच नव्हता, आणि तरीही दर पाळीला ती बांधीवर हजर होती! मला तर धक्काच बसला, मित्रांनो. इतके दिवस मी छाती फुगवून मिरवत होतो. मग तिला सांगत कोण होतं?

हर्षाने जुना मी आणि नवा मी शेजारी शेजारी ठेवले आणि ओळीने मिळवत गेली. नावं बदलली होती, जागा बदलल्या होत्या, काम सगळं तेच. कमी होता तो फक्त एक नंबर. तिने तो आपल्या मोबाईलवरून लावला आणि भैयाजींनाही ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केला.

"हॅलो. कोन बोलते?"

"काकू, मी हर्षा. मोहाडीच्या ऑफिसातून. हा नंबर कोणाचा आहे?"

"माहाच हाय. बायजाबाई. जीवनची माय."

भैयाजी तेव्हा कुठे खुर्चीवर बसले. हर्षाने विचारलं, की तुम्हाला पाण्याचा फोन येत होता का.

"येत होता ना. रोज सांजच्याले पोरगा सांगे, उद्या कोनाचं पानी हाय. मंग मी जाता-येता तशी हाक देत होती. कुंताबाईचा फोन डब्यात, तिले घरी जाऊनच सांगा लागे. कोनाचा फोन पोरानं नागपूरले नेला, कोनाले आयकूच येत नाई. गाव म्हटलं का असंच असते." मग त्यांचा आवाज खाली आला. "आता येत नाई. बाई, माही काही चूक झाली काय? माहं काम काहून काढून घेतलं?"

हर्षाने डोळे पुसले आणि सरळ सांगितलं, "तुमची काहीच चूक नाही, काकू. माझी झाली. मी विचारलं नाही."

बायजाबाई म्हणाल्या, की मलाही वाटलं आता दुसऱ्या कोणाला नेमलं असेल. पोराला विचारणार होते, पण त्याला नवीन नोकरी लागलेली, त्याच्या डोक्याला कशाला ताप द्यायचा.

पाहा, मित्रांनो. इकडे ही नव्या नोकरीच्या भीतीने जीवनला विचारत नव्हती, आणि तिकडे ती माउली त्याच्याच नव्या नोकरीच्या काळजीने विचारत नव्हती. मधल्या मधे कुंताबाईचं धान सुकत होतं.

भैयाजी उठले. फोनजवळ तोंड नेऊन म्हणाले, "बायजा, उद्या माही पाळी हाय. कुंताबाईची बांधी माह्या खालीच हाय. माहा धुरा कापून देतो, पयले तिचं भरू दे. तू तिले आताच जाऊन सांग." बायजाबाई बरं म्हणाल्या आणि त्यांचा फोन ठेवल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी भैयाजींच्या बांधीतून कुंताबाईच्या बांधीत पाणी उतरलं. रिवाजाप्रमाणे कुंताबाई स्वतः धुऱ्यावर उभ्या होत्या. धान वाचलं. दवंडीवाल्याचा सांगावा भैयाजींनी परत घेतला.

त्याच दिवशी हर्षाने आवाज मोठा ठेवूनच जीवनला फोन केला. त्याने पुण्याहून सगळं ऐकून घेतलं. आई गावात हाक देते हे त्याला माहीतच नव्हतं. "मी तं चाचणीसाठी टाकला होता तो नंबर," तो म्हणाला. "मंग आई म्हणे, रोज तुहा आवाज आयकू येते. म्हणून काढायचा जीव झाला नाही." पुढे दोघं हसायला लागले. पुण्यातही त्याला कोणाचा तरी पसारा मिळालाच होता, आणि त्यातही 'नंतर काढायचं' अशा पाट्या जागोजाग होत्या. आता प्रत्येक पाटीपाशी मी आधी कोणाला तरी फोन करणार, असं तो म्हणाला.

जुना मी परत आणायची गरज पडली नाही. हर्षाने नव्या, नीटनेटक्या मलाच तो नंबर परत दिला, पण आता चोरासारखा कोपऱ्यात नाही. त्याला स्वतःची जागा केली आणि नाव दिलं, 'गावची हाक'. बायजाबाईंना एक दाबायची गरज ठेवली नाही. त्यांनी फोन उचलला की मी 'कळलं' लिहितो. त्यांना घसा बसला असेल, बाहेरगावी जायचं असेल, तर हाक कोण देणार तेही त्यांनी सांगून ठेवलं आहे. भुपेंद्रने धान यायची वाट न पाहता हर्षाला त्याच आठवड्यात पक्कं केलं. धान निघाल्यावर गावाने नव्या तांदळाचा डबा पाठवला. त्यातले मूठभर कुंताबाईंच्या बांधीतले होते, असं भैयाजींनी मुद्दाम कळवलं.

आणि जिथे जीवनने 'हे नंतर काढायचं' लिहिलं होतं, तिथे आता हर्षाचं वाक्य आहे: 'या बायजाबाई. यांना विचारल्याशिवाय काहीही काढू नये.'

मित्रांनो, मी काही अमर नाही. उद्या हर्षालाही दुसरीकडे नोकरी लागेल, तिच्या जागी कोणी नवा येईल आणि माझ्याकडे पाहून कपाळावर हात मारेल. मारू दे. जुनं झालेलं काढावंच लागतं, त्याला माझी ना नाही. मलाही काढा. फक्त एवढं करा, जे निरुपयोगी दिसतं, ते कोणाच्या उपयोगाचं आहे का हे आधी विचारून घ्या. विचारल्याने कोणी अडाणी ठरत नाही. हर्षा तर त्या एका फोनने पक्की झाली.

आता दिवे लागायची वेळ झाली आहे. नत्थूने उद्याची पाळी कळवली आहे, आणि माझा पहिला फोन नेहमीच्याच घरी चालला आहे. पलीकडे त्या फोन उचलतील. जीवनचा आवाज सांगेल, की उद्याचं पाणी कोणाला आहे. मग त्या रोजच्यासारखं काहीतरी पुटपुटतील. ते काय असतं, हे मला कधीच कळलं नव्हतं. परवा हर्षाने मुद्दाम ऐकलं आणि भुपेंद्रला सांगितलं, तेव्हा मलाही कळलं.

त्या म्हणतात, "हो रे राजा, सांगते मी साऱ्याईले. तू जेवला काय?"